वजन पुन्हा वाढू नये म्हणून कोणता डाएट प्लॅन घ्यावा?

आपण लिहिले आहे की दर वेळी आठ-दहा किलो वजन उतरते, प्लॅन संपला की काही महिन्यांत ते व्याजासकट परत येते, आणि घरचे म्हणतात की तुमच्यात निग्रहच नाही. प्लॅनबद्दल पुढे लिहितो. खरे तर त्या निग्रहाच्या वाक्यामुळेच उत्तर लिहायला बसलो, कारण माझ्या थोरल्या बहिणीला तेच वाक्य कित्येक वर्षे ऐकावे लागले आणि त्यावरून माझा व भाऊजींचा वाद अजूनही मिटलेला नाही.

ताईने एकवेळ जेवण, नुसते सूप, पाण्यात कालवून प्यायची पावडर असे बहुतेक सगळे प्रकार केले. शिक्षणाच्या काळात मी तिच्याकडे राहत असल्याने हे अगदी जवळून पाहिले. पावडरीच्या दिवसांत ती शेकची बाटली घेऊन टेबलाशी बसत असे, आमच्यासाठी मात्र एरवी सणासुदीलाही केले नसते इतके पदार्थ रांधत असे, आणि आम्ही जेवत असताना मीठ बरोबर आहे ना, आतून नीट शिजले आहे ना, असे घासाघासाला विचारत असे. रात्री सगळे झोपल्यावर सोफ्यावर बसून, मोबाइलचा आवाज बंद करून, ती पाककृतींचे व्हिडिओ पाहत असे. भाऊजी हसून म्हणत, "बघ, हिचे सगळे लक्ष खाण्यात. अशाने कसे टिकणार?"

त्यांना माझे उत्तर तेव्हाही हेच होते. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवले. हे सगळे स्वेच्छेने आलेले होते, आणि ऐन महायुद्धात, लोकांचा रोष पत्करून, केवळ तत्त्वासाठी शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले होते. त्यांच्या निग्रहाविषयी शंका घेणे कठीण आहे. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्या काळात ते ताटे चाटत, दिवसभर अन्नाविषयी बोलत आणि पाककृतींची पुस्तके तासन्‌तास वाचत बसत. बंधने उठल्यावर त्यांतील काही जण पोट भरले तरी खातच राहिले, आणि शरीरावरची चरबी काही काळ पूर्वीपेक्षाही जास्त झाली. ताईचे ते मूक व्हिडिओ मला या पुस्तकांहून वेगळे वाटत नाहीत. भाऊजींचे यावरचे म्हणणे एवढेच की तो युद्धाचा काळ होता.

युद्धाचा काळ नको असेल तर 2011 साली प्रसिद्ध झालेला मेलबर्नचा अभ्यास पाहावा. दहा आठवड्यांच्या अतिअल्प उष्मांकाच्या आहाराने वजन उतरवलेल्या लोकांमध्ये भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेले आणि तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन हे संप्रेरक घटलेले होते, आणि वर्षभरानंतरही ही पातळी पूर्ववत झालेली नव्हती. म्हणजे पॅकेज संपते तेव्हा भूक संपलेली नसते. त्यात पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो तो बराचसा ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, आणि त्याच्यासोबतचे पाणी कमी झाल्यामुळे. विक्रेते नेमका तोच आठवडा जाहिरातीत दाखवतात.

आता आपला प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे: ज्याला शेवटची तारीख आहे असा कोणताही प्लॅन घेऊ नये, मग तो कोणत्याही नावाने मिळो. ताईचे वजन टिकले ते तिने स्वतःसाठी वेगळे अन्न करणे थांबवल्यावर. घरात शिजते तेच, पण ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठसठशीत पदार्थ. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, सुट्टीच्या दिवशीही त्याच. आणि कोणताही पदार्थ वर्ज्य नाही. पाकीटबंद खाऊ तिने ओट्यावरून काढून वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात पोहोचणार नाही असा ठेवला, आणि तो पुढे विकत आणणेच कमी झाले. ही किरकोळ बाब नव्हे: अमेरिकन संशोधक केव्हिन हॉल यांच्या 2019 च्या प्रयोगात हवे तेवढे खाण्याची मुभा असताना, अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. हे बदल तिने एकदम केले नाहीत. एक अंगवळणी पडला की दुसरा. 21 दिवसांत सवय लागते हे थोतांड आहे. लंडनमधील एका अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले, तेही कुणाला 18 तर कुणाला 254. स्नायू टिकावेत म्हणून ताकदीचा व्यायाम हवाच, त्यावर वेगळे लिहिण्याची गरज नाही.

या मार्गाने ताईचे वजन पावडरीच्या मानाने निम्मेही उतरले नाही, आणि "तेव्हा जास्त उतरले होते" हे भाऊजी आजही ऐकवतात. वजनाच्या पाच ते दहा टक्के घट टिकली तरी रक्तदाब आणि साखर यांत फरक पडतो, हे त्यांना डॉक्टरांनीही सांगून झाले आहे.

मात्र एक गोष्ट भाऊजींच्या बाजूची आहे आणि ती सांगायला हवी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील डायरेक्ट या चाचणीत, सुमारे 850 कॅलरींच्या द्रवआहाराने सुरुवात केलेल्या टाइप 2 मधुमेहींपैकी 46 टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर औषधांविना नियंत्रणात होता. तेव्हा झपाट्याने वजन उतरवणे प्रत्येकाला घातकच, असे मी म्हणणार नाही. आपण साखरेची किंवा रक्तदाबाची औषधे घेत असाल, किंवा एकदा खायला लागल्यावर थांबताच येत नाही असे वारंवार होत असेल, तर माझे वरचे सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे. आहार अचानक कमी करून औषधाचा डोस तोच ठेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्या चाचणीत डॉक्टरांनी औषधे सुरुवातीलाच थांबवली होती, नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने परत आणले होते आणि पुढेही दर महिन्याला भेटी ठेवल्या होत्या. ताईला पावडर विकणाऱ्यांनी पॅकेज संपल्यावर एकदा फोन केला, तो पुढच्या पॅकेजवर सवलत आहे हे सांगण्यासाठी.