मुंबई ते लंडन: ७,२०० किलोमीटरला दहा तास का?

आधी घड्याळाचा घोळ सोडवू. आईबाबांचं जानेवारीचं तिकीट तुम्ही दिलंय: मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर संध्याकाळी ५.३०, परतताना रात्री ९ ला निघून मुंबईत सकाळी ११.३०. जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा, हे कसं, असा तुमचा प्रश्न. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ते धरलं की जायला १० तास, यायला ९. (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा असतो.)

आता तुमचा हिशोब: अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे ७,२०० भागिले ९००, आठच तास. ७,२०० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघा. दोरा जवळजवळ कराचीवरून जातो, मग इराण, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस आणि दक्षिण युक्रेन. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने आपलं आकाश एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं. म्हणजे त्या दोऱ्यावरून विमान जाऊच शकत नाही, वळसा आलाच. म्हणून तिकीट काढताना नुसतं अंतर बघू नका, कंपनी कुठली आणि तिचा मार्ग कुठून, तेही बघा.

दुसरं कारण वारा. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. मी दरवर्षी लेकीकडे जाते. समोरच्या पडद्यावर जाताना ताशी ८०० च्या आसपास दिसणारा वेग येताना हजाराच्या पुढे गेलेला मी पाहिलाय. विमान तेच, इंजिनं तीच.

शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि विमानं रांगेत उभी राहतात. हीथ्रोला उतरण्याआधी आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. खिडकीतून तेच तळं तीनदा दिसलं तर घाबरू नका, असं आईबाबांना आधीच सांगून ठेवा.

बाबांच्या गोळ्यांचं विचारलंत. कुठली गोळी कधी, ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, पण दोन डोसांमधलं अंतर खऱ्या तासांत मोजायला सांगा. मी हातातलं घड्याळ लेकीच्या घरी पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवते आणि गोळ्यांची डबी हातातल्या पिशवीत. बाबांनाही तसंच करायला सांगा, फोनवरची वेळ उतरल्यावर आपोआप बदलते.