निवड देवाची असेल, तर विश्वास माणसाचा कसा?
कोणाचे तारण (पापापासून सुटका) व्हावे हे देवच ठरवत असेल, तर माणसाने विश्वास ठेवण्याला अर्थ काय, असा प्रश्न नाशिकच्या शरणपूर भागातील एका वाचकाने विचारला आहे. बायबलच्या नव्या करारातील पत्रांचा लेखक प्रेषित पौल याने या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या आहेत: फिलिप्पैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात तो आपले तारण साधून घेण्यास सांगतो आणि लगेच पुढच्या वचनात, तशी इच्छा व कृती देवच घडवतो, असे म्हणतो. वाद झाला तो क्रमाविषयी. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत देवाची निवड आधी येते आणि विश्वास हे तिचे फळ असते. उलट, डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये असे मांडले की, जे कृपेने विश्वास ठेवतील त्यांचीच देवाने निवड केली आहे आणि ही कृपा माणूस नाकारू शकतो. नेदरलँड्समधील डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेने (1618-19) हे मत फेटाळले. कॅथलिक शिकवणीतही पुढाकार कृपेचाच असतो, मात्र माणसाचा होकार खरा मानला जातो. माझ्या मते, रोमकरांस पत्राचा 9वा अध्याय वाचून घाबरलेल्याने 10वा वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नये, कारण निवडीविषयी इतके कठोर लिहिणारा पौल तिथे, जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचे तारण होईल, असे सांगतो.