वेजशीटला हात लावण्याआधी

बाळा,

भोसरीच्या कारखान्यात पगाराचं काम आता तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. कायदे इतके बदलतात, लक्ष तरी कसं ठेवायचं, असं तू विचारलंस. आधी माझी एक चूक सांगतो.

१ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर, म्हणजे पगारातून दरमहा कापला जाणारा राज्याचा कर, माफ झाला. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती. अर्थसंकल्पाची बातमी मी वाचली होती. लागू होईल तेव्हा बघू म्हणालो आणि विसरलो. जूनचा पगार झाल्यावर पॅकिंगमधल्या एक बाई स्लिप घेऊन आल्या. "साहेब, माझ्या बहिणीचे दोनशे कापत नाहीत, मग माझे का कापता?" तीन महिन्यांचे सहाशे रुपये त्यांना परत मिळाले, इतर बायकांनाही मिळाले. पण ते तीन महिने त्यांनी कसे काढले असतील, हा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून बातमी आली की तिथेच थांबू नकोस. राजपत्रातली अधिसूचना काढ आणि ती कोणत्या तारखेपासून, कोणाला लागू आहे ते स्वतः वाच. मंत्रिमंडळाने मंजुरी दिली म्हणजे कायदा बदलला, असं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर वाचून वेजशीटला, म्हणजे पगारपत्रकाला, हात लावायचा नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे नवे एकत्रित कामगार कायदे, लागू झाल्या, तेव्हा "जुने कायदे सगळे गेले" असं जो तो सांगत होता. गेले ते केंद्राचे २९ कायदे. आपला २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम, व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी, माथाडी कायदा हे राज्याचे. ते जागच्या जागी आहेत आणि त्यांच्यातले बदल गाजावाजा न होता येतात. कल्याण निधीचंच बघ. २०२४ च्या जूनपासून निधीत भरायचे कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये झाले, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरला. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून १२ आणि ३६ तर नाहीत ना, हे उद्याच तपास.

किमान वेतनावरचा विशेष भत्ता, म्हणजे महागाईचा भत्ता, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. परिपत्रक हाती यायला उशीर झाला तरी फरक त्या तारखेपासूनच द्यायचा. शिवाय दर परिमंडळाप्रमाणे, म्हणजे जागा कोणत्या भागात येते त्याप्रमाणे, वेगळा असतो. तुमचं गोडाऊन गावाकडे असेल तर महापालिका हद्दीतला आकडा तिथे चालेलच असं नाही, आणि तिथला इथे तर मुळीच नाही.

एका बाबतीत मात्र तुला वरिष्ठांशी बोलावं लागेल. त्या चार संहितांपैकी वेतन संहितेप्रमाणे माणूस राजीनामा देऊन गेला तरी त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. आपल्याकडे फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, महिना-दीड महिना लावायची सवय मुरलेली आहे. "सगळे असंच करतात" हे उत्तर तुला मिळेल. तेव्हा कलमाची प्रत पुढे ठेव आणि शांतपणे सांग. मी तुझ्या वयाचा असताना अशा वेळी गप्प बसलो होतो. तू बसू नकोस.

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद असायचा: कायद्याचं नाव, शेवटचा बदल, लागू तारीख, वेजशीटमध्ये कुठे बसवला. दर महिन्याला पगार काढण्याआधी अर्धा तास मी तो घेऊन बसायचो. त्या २०२३ नंतर बसायला लागलो, आधी नाही. तुझा कागद या आठवड्यात तयार कर आणि रविवारी येताना घेऊन ये. जोडीला मागच्या तीन महिन्यांच्या वेजशीटही आण, नावं झाकून. दोघं मिळून ताळा करू.

तुझा,
काका