शिरोळ तालुक्यातल्या छोट्या संस्थेने परदेशी निधीसाठी अर्ज कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेच्या नोंदणीला चार वर्षं झालीत, पूरग्रस्त कुटुंबांतल्या महिलांसोबत काम आहे, परदेशी निधी हवा आहे, आणि एक सल्लागार इंग्रजीत प्रस्ताव लिहून द्यायला मंजूर रकमेच्या दहा टक्के मागतोय. त्याला काम द्यावं का?

देऊ नका. निधी देणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात टक्केवारीचा रकाना नसतो. ते पैसे शेवटी तुमच्या कामातूनच कापले जाणार. मी कोल्हापुरात एका संस्थेचं दप्तर आणि प्रस्ताव दोन्ही बारा वर्षं बघतोय. इंग्रजी कच्चं म्हणून अडलेले अर्ज मी फार पाहिले नाहीत. दप्तर कच्चं म्हणून अडलेले मात्र बरेच पाहिलेत, आणि त्यातला एक आमचाच होता.

२०१९ च्या पुरानंतर एक परदेशी संस्था आम्हाला घरदुरुस्तीसाठी मदत करायला तयार होती. त्यांनी धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची नावं असलेला नोंदीचा कागद, मागितला. काढून बघतो तर त्यावर वारलेल्या एका विश्वस्तांचं आणि राजीनामा दिलेल्या दोघांचं नाव तसंच होतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तो बदल कळवणारा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो, तो आमच्याकडून राहिला होता. बँकेत सह्या एकांच्या, उताऱ्यावर नावं दुसऱ्यांची. त्यांनी महिनाभर वाट पाहिली आणि पैसे दुसऱ्या जिल्ह्यात दिले. त्या वेळी चिखलीतल्या घरांच्या भिंती अजून ओल्या होत्या. ती गोष्ट मला आजही लागून राहिली आहे.

आता कायद्याचं. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. ऑफिसचा खर्च त्यात धरत नाहीत. एवढा खर्च नसेल तर ‘पूर्वपरवानगी’चा रस्ता आहे: एका ठरावीक देणगीदाराचं, ठरावीक रकमेचं, ठरावीक कामासाठीचं पत्र घेऊन तेवढ्यापुरती परवानगी मागायची. तुमच्यासाठी मला हाच रस्ता जवळचा दिसतो. दोन्ही अर्ज ऑनलाइनच होतात, आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आधी काढून ठेवावा लागतो.

सप्टेंबर २०२० मध्ये कायदा बदलला, त्यातल्या तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात (खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या स्टेट बँकेतून होतं). प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच. आणि एका संस्थेला आलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे पुण्या-मुंबईची मोठी संस्था ‘आमच्यातला वाटा तुम्हाला देतो’ म्हणाली, तरी नाही म्हणा.

एफसीआरए नसताना चालणारेही मार्ग आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडून थेट आलेला निधी या कायद्यात ‘परदेशी स्रोत’ धरत नाहीत. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो, तेही परदेशी योगदान होत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याने दिलं तर मात्र होतं. त्यामुळे कुरुंदवाडचा कुणी दुबईहून मदत करतो म्हणाला, तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. त्यात संकोच करू नका.

स्पर्धाही वाढली आहे. २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था बंद झाल्यावर तिच्यावर चालणाऱ्या कितीतरी संस्था उरलेल्या दारांवर आल्या. म्हणून दिसेल तिथे अर्ज टाकण्यापेक्षा देणाऱ्याचं काम आणि तुमचं काम जुळतं तिथेच टाका. बांधकाम किंवा साहित्य हवं असेल, तर मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाची तळागाळातल्या प्रकल्पांसाठीची अनुदान योजना वाचून बघा. ते सरकार परदेशी, तेव्हा एफसीआरए तिथेही लागतंच.

आणि प्रस्ताव? तो तुम्हीच लिहा, आधी मराठीत. आमच्या प्रस्तावाचा जीव एका शंभर पानी वहीत होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पेपरात रोज छापून येतं. पण बंधाऱ्यावर किती फूट असताना कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं, ते कुठेच छापलेलं नव्हतं. आमच्या गटातल्या बायका घरोघरी गेल्या आणि लिहून आणलं: घर नंबर, पाणी कधी लागलं, जनावरं किती, कुठे हलवली, कुणी हलवली. एका आजींच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘म्हैस सोडून येत नाही म्हणाल्या.’

काय साधायचं आणि ते कशावरून मोजायचं याच्या तक्त्याला देणारे लॉगफ्रेम म्हणतात. तो त्या वहीतूनच भरला. ‘महिलांचं सक्षमीकरण होईल’ असं लिहिलं असतं तर मोजायचं काय? आम्ही लिहिलं, पाणी ३९ फुटांवर असतानाच इतक्या घरांतली जनावरं हललेली असतील, आणि ते कळणार याच वहीवरून. इंग्रजी नंतर कॉलेजातल्या एका मॅडमनी दोन संध्याकाळ बसून केलं. निधी मिळाला.

बाराए आणि ऐंशीजी या आयकर सवलतीच्या नोंदण्या आणि तीन वर्षांचे ऑडिट असतीलच. या आठवड्यात परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा आणि शेवटच्या ठरावाशी एकेक नाव ताडून बघा. काही जुनं निघालं तर नावं न देता इथेच लिहा, चेंज रिपोर्टला काय काय जोडायचं ते सांगतो.