चार धरणं पाडली, आता क्लॅमथ नदीचं काय?

प्रश्न : अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024पर्यंत पाडून झाली. मग तिथल्या सॅमन माशांवरचं संकट टळलं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : इतक्यात नाही. समुद्रातून अंडी घालायला नदीत वर येणाऱ्या या माशांची वाट मात्र खरोखर उघडली. ऑक्टोबर 2024मध्येच चिनूक जातीचे सॅमन धरणांच्या जागा ओलांडून वरच्या ओरेगन राज्यातल्या ओढ्यात पोचले. युरोक, करूक या नदीकाठच्या जमाती त्यासाठी कित्येक वर्षं झुंजल्या.

धरणं नुसती वाट अडवत नव्हती. मादी शेपटीनं खडी उकरून खड्डा करते, अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. फटींतून गार पाणी खेळतं राहिलं तरच अंडी जगतात. धरणांमागे खडी अडकली, खाली मोठे दगड उरले. जोराचे लोंढे येईनात, तळ धुतला जाईना. तिथे बारीक कृमी माजले आणि त्यांच्यातून सुटणाऱ्या परजीवीनं पिल्लांची आतडी पोखरली. आता लोंढा पुन्हा येईल, खडीही सरकेल.

पण पाण्याचं काय? सप्टेंबर 2002मध्ये प्रवाह कमी, पाणी कोमट, माशांची दाटी. कल्ल्यांचा रोग पसरला आणि 30 हजारांहून जास्त मासे मेले, बहुतेक अंडी घालण्याआधीच. उन्हाळा सरताना नदीत पुरेसं पाणी सोडणं, हे आमच्या मते सगळ्यात निकडीचं. शेतीसाठी पाणी वळवणं तर चालूच आहे. शिवाय वरच्या तलावात फॉस्फरसमुळे शेवाळ माजतं, आणि कीनो व लिंक रिव्हर ही वरची धरणं अजून उभी आहेत.