केस कापू की बोक्याला देऊन टाकू?

घर कितीही आवरलं तरी आवरल्यासारखं दिसत नाही, ही तक्रार समुपदेशनाच्या कामात मी आता इतक्या वेळा ऐकली आहे की बाई खुर्चीत बसण्याआधीच तिचा थकवा मला ओळखू येतो. अलीकडे त्यात एका गोष्टीची भर पडली आहे. घरात मांजर किंवा कुत्रा असतो, आणि बाईंचे स्वतःचे केसही चांगले लांब असतात. फरशीवर केस, सोफ्यावर केस, कणकेच्या परातीत केस. मग प्रश्न येतो, "मॅडम, केस कापूनच टाकू का?" किंवा "याला कुणाला तरी देऊन टाकू का?" अशाच एकीची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

त्या चाळिशीतल्या, पुण्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी. मोकळे सोडले तर केस गुडघ्याच्या थोडे वर येतील एवढे लांब. घरी नवरा, सासूबाई, अकरावीतली मुलगी, मन्या नावाचा बोका आणि एक पांढरीशुभ्र स्पिट्झ कुत्री. पहाटे उठल्यावर केर, ऑफिसला निघताना केर, आल्यावर केर, रात्री सगळे झोपल्यावर ओलं फडकं. फ्लॅटची फरशी पांढरी, त्यामुळे यांचा एकेक काळा केस लांबून दिसे. सोफा गडद निळा, त्यावर कुत्रीचे पांढरे केस.

ऑगस्टमध्ये त्यांना डेंग्यू झाला होता. दिवाळीच्या सुमारास केस मुठीमुठीनं यायला लागले, आणि भाऊबीजेला नणंदेच्या ताटात एक केस निघाला. नणंदेनं तो मुकाट्यानं बाजूला काढून ठेवला. माझ्याकडे आल्या तोपर्यंत त्यांनी पार्लरमध्ये मानेपर्यंत केस कापायची वेळ घेतली होती आणि मन्यासाठी एक घरही बघून ठेवलं होतं.

"केस काप असं कुणी म्हणालं?" मी विचारलं.

"नाही."

"मन्याला देऊन टाक असं?"

"तसं कुणीच नाही म्हणालं. पण सगळ्यांना त्रास होतो ना."

"सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?"

त्या मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. नवरा कुत्रीला मांडीवर घेऊनच बातम्या बघतो. मुलीला मन्या पायाशी असल्याशिवाय झोप येत नाही. सासूबाई कुरकुरतात खऱ्या, पण सुनेच्या केसांचं कौतुक बिल्डिंगभर त्याच सांगतात. एवढ्या सगळ्यात त्रास होणारं माणूस सापडेना.

आता ज्या क्षणासाठी हे लिहायला घेतलं, तो सांगते.

त्या दिवशी त्यांनी गडद रंगाचा कुर्ता घातला होता. बोलता बोलता उजव्या हातानं गुडघ्यावरचा एकेक पांढरा केस टिपायच्या आणि डाव्या मुठीत ठेवायच्या. बोलणं घरातल्या कामांबद्दल, ऑफिसबद्दल, आईच्या आजारपणाबद्दल. पण मूठ मिटलेलीच. वेळ संपल्यावर उठल्या, पर्स उजव्या खांद्याला लावली आणि दार कोपरानं ढकलायला लागल्या.

"मुठीत काय आहे?"

त्यांनी हात उघडला. बोराएवढा केसांचा पुंजका, घामानं चिकटलेला.

"कचऱ्याचा डबा तुमच्या खुर्चीशेजारीच होता," मी म्हटलं.

"दिसला होता."

"मग?"

"टाकले असते तर तुम्हाला कळलं असतं ना, माझ्या अंगावर केस असतात ते."

"बरं, कळलं असतं. पुढे?"

"तुम्हाला वाटलं असतं, ही बाई घर कसं ठेवत असेल."

"आणि समजा वाटलं असतं मला तसं, तर?"

त्या दारातच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तर मी तशीच आहे हे खरं ठरलं असतं."

मी त्यांना परत बसवलं. पुढच्या माणसाला थोडं थांबावं लागलं, पण असं वाक्य आलेलं असताना माणसाला दाराबाहेर पाठवायचं नसतं. एवढी वर्षं हे काम केल्यावर इतकं मला नक्की कळतं. त्यांची लढाई केसांशी नव्हतीच. केस म्हणजे त्यांच्या लेखी पुरावा होता आणि दिवसातून चार वेळा तो नाहीसा करणं हे त्यांचं काम. त्यामुळेच कितीही केर काढला तरी समाधान मिळेना. फरशी झाडून होते. 'मी चांगली गृहिणी नाही' ही भीती झाडून जात नाही. उलट जितका केर काढावा तितकी ती खरी वाटायला लागते, कारण बिनमहत्त्वाच्या गोष्टीमागे माणूस एवढं धावत नाही, असं मनच मनाला सांगतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वाटेनं काम करते. १९५५ साली त्यांनी ही पद्धत मांडली, आणि तिचं मर्म मला आजही तितकंच खणखणीत वाटतं: एखादी गोष्ट हवीशी वाटणं वेगळं आणि ती नसेल तर मी वाया गेले असं मानणं वेगळं. घर स्वच्छ असावं ही चांगली इच्छा आहे. ती सोडायला मी कुणालाच सांगत नाही. पण घर स्वच्छ नसेल तर माझी किंमत शून्य, हा हुकूम आहे. इच्छेनं केलेला केर दहा मिनिटांत संपतो, हुकमानं केलेला दिवसभर पुरतो.

लाजेचा धाक कमी करायला एलिस माणसांना भलतेच अभ्यास द्यायचे. केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यानं फिरवून आणा, लोक बघतील, बघू द्या! मी त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या. त्यांचा अभ्यास त्यामानानं सोपा होता. रविवारी सकाळी एकदाच केर काढायचा. दुपारी नणंदेला चहाला बोलवायचं. मधल्या वेळात फडकं हातात घ्यायचं नाही आणि दार उघडल्यावर 'घरात फार पसारा आहे हं' हे वाक्य म्हणायचं नाही. हे शेवटचंच त्यांना सगळ्यांत कठीण वाटलं.

नणंद आली, काळी पँट घालून. सोफ्यावर बसली, उठली तेव्हा मागून पांढरी झालेली. "रोलर आहे का गं?" असं विचारून तिनं स्वतःच पँट साफ केली, पुन्हा तिथेच बसली आणि चहाचा दुसरा कप मागितला. जाताना म्हणाली, "वहिनी, आज तू माझ्याशेजारी बसलीस तरी. एरवी आमच्या मागे फडकं घेऊन फिरत असतेस, आम्हालाच उठून जावंसं वाटतं."

हे मला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या माणसांनी नावं ठेवू नयेत म्हणून इतका आटापिटा, तीच माणसं त्या आटापिट्यानं अवघडत होती.

यानंतरच मी केस, जनावरं आणि घर यांचं बोलायला घेतलं. आधी बोलले असते तर माझी प्रत्येक सूचना त्यांच्या हुकमांच्या यादीत जाऊन बसली असती.

केसांपासून सुरुवात केली. निरोगी माणसाच्या डोक्यावरून दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात, आणि लांब केसांच्या बाईचे ते जास्त गळतात असं नाही. फक्त दिसतात जास्त. आम्ही हिशोब केला: दिवसाला ६० केस धरले आणि एकेक जवळजवळ मीटरभर, तर रोज ६० मीटर केस घरात पडणार. बॉबकट असलेल्या बाईचे तेवढेच ६० केस सोफ्याच्या फटीत कुठे जातात तेही कळत नाही. बँकेतल्या माणसाला हा हिशोब चटकन पटला. डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती वाढते, ती बहुतेकींची काही महिन्यांत आपोआप आटोक्यात येते. तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून रक्तातलं लोह आणि थायरॉईड तपासून घ्या, असं मी सांगितलंच. गोलाकार चट्टे पडत असतील, म्हणजे चाई असेल, तर अजिबात थांबू नये.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे त्यांच्या वेणीच्या टोकाचा भाग सात-आठ वर्षांपूर्वीचा. इतक्या जुन्या धाग्याला नव्या केसासारखं वागवून चालत नाही. गुंता नेहमी टोकाकडून सोडवत वर यायचं, रुंद दातांच्या कंगव्यानं. ओला केस ताणला जातो आणि तुटतो, म्हणून न्हाण्याआधीच गुंता काढायचा आणि नंतर खसाखसा न पुसता जुन्या मऊ पंचात गुंडाळून पाणी टिपायचं. न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल. ते केसाच्या आत मुरतं, वरवर राहत नाही. झोपताना सैल वेणी, स्वयंपाक करताना अंबाडा आणि त्यावर रुमाल.

सगळ्यांत उपयोगी पडली ती विंचरायची ठरलेली जागा. खाली जुनी चादर अंथरून रोज तिथेच विंचरायचं. गळायचे ते बहुतेक केस चादरीवर पडतात, तेवढे घरभर फिरायचे वाचतात. सासूबाईंचा तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायला विरोध होता. सकाळी अंघोळीआधीची वेळ ठरवली आणि तो विषय मिटला. न्हाणीघराच्या मोरीला बारीक जाळी बसवली.

जनावरांचंही तेच तत्त्व. केस पडल्यावर गोळा करण्यापेक्षा अंगावर असतानाच काढायचे. स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला मऊ थर भरभरून गळतो. अशा कुत्र्याला उन्हाळ्यात तासून काढू नये. तो थर त्याचं उन्हापासूनही रक्षण करतो. गच्चीत नेऊन ब्रश करावा, गळतीच्या दिवसांत रोज. सोफ्यावरचे केस काढायला महागडं काही लागत नाही: रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेनं फिरवला की केसांची वळकटी होते. जमिनीवर आधी कोरडा झाडू मारला तर ते उडून दुसरीकडे बसतात, त्यामुळे दमट फडक्यानं गोळा करणं बरं. सोफ्यावर जनावरांच्या जागी एक वेगळी चादर टाकावी आणि धुण्याआधी ती बाहेर झटकावी, नाहीतर केस मशीनमध्ये अडकतात.

एक धोका मात्र फार कमी जणांना माहीत असतो. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला लांब धागा त्याला सहज थुंकता येत नाही, ते गिळतं. बाईचा लांब केस किंवा दोरा पोटात गेला तर आतडी आवळली जाऊ शकतात. मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून केस लोंबताना दिसला तर ओढू नका, पशुवैद्याकडे न्या. विंचरलेल्या केसांचा गुंता झाकणाच्या डब्यात टाकायचा, ही स्वच्छता मी आग्रहानं सांगते, कारण ती कुणाला दाखवायला नाही, मन्यासाठी आहे.

आणि हे सगळं एकटीनं करायचं नाही. इथे मी थोडी कडक होते. मनाची समजूत घालून घरातल्या कामांची विषम वाटणी झाकायची असेल, तर ते समुपदेशन नव्हे. मी नवऱ्याला आणि मुलीला एकदा बोलावलं. नवरा म्हणाला, "हिला आमचं काम पसंतच पडत नाही." ते खरंही होतं. ठरलं असं: ब्रश आणि सोफा नवऱ्याकडे, मन्याला विंचरणं मुलीकडे, आणि बाईंनी ते पुन्हा तपासायचं नाही. कोपऱ्यात चार केस राहिले तर राहिले. केर दिवसातून दोनदा, त्यातला एक त्यांचा नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की आपलंही असंच आहे. असेल. पण साफसफाईत रोजचे कित्येक तास जात असतील, ठरावीक वेळा पुसल्याशिवाय जीव घाबरा होत असेल, किंवा ताण आला की स्वतःचेच केस उपटले जात असतील, तर गोष्ट वेगळी आहे आणि तिला उत्तम उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीतही.

पार्लरची वेळ त्यांनी रद्द केली नाही. गेल्या आणि फाटे फुटलेली टोकं चार बोटं कापून आल्या. ज्यांच्याशी मन्याचं बोलणं झालं होतं त्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या घरी आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेलं एक पिल्लू गेलं आहे. त्याला टोपलीत घालून पोचवायला मायलेकी दोघी गेल्या होत्या.