नरसंहार की वंशसंहार?

प्रश्न असा आला आहे: आफ्रिकेतल्या रवांडा देशात १९९४ साली तुत्सी जमातीची कत्तल झाली, तिच्यासाठी एका मराठी लेखात ‘नरसंहार’, दुसऱ्यात ‘वंशसंहार’ आणि तिसऱ्यात ‘वंशविच्छेद’ वाचलं. तिन्ही शब्द एकच का? नसतील तर बरोबर कोणता?

एकच नाहीत. नरसंहार म्हणजे पुष्कळ माणसं मारणं, बस. कत्तल, हत्याकांड, शिरकाण हे त्याच्याच पंगतीतले. (शिरकाण शिर्के घराण्याच्या कत्तलीवरून आला असं सांगतात, खरं असेल तर गंमत अशी, की एका कुळाला संपवण्यावरून आलेला शब्द आज कुठल्याही कत्तलीला चालतो.) या सगळ्या शब्दांतून किती मेले ते कळतं, का मारले ते कळत नाही.

आणि जेनोसाइड या मूळ इंग्रजी शब्दाचा सगळा जीव त्या ‘का’मध्ये आहे. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ साली तो घडवला: ‘गेनोस’ हा ग्रीक शब्द, म्हणजे वंश किंवा जमात, आणि त्याला लॅटिनमधला मारण्याचा प्रत्यय. संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी करार मंजूर केला त्यात व्याख्या आली. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह, समूह म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हवा. हेतू सिद्ध झाला नाही तर प्रेतांचा खच पडूनही हा गुन्हा ठरत नाही.

उलटही खरं आहे, आणि इथे मराठी कामाला येते. करारात पाच कृत्यं दिली आहेत. त्यातल्या शेवटच्या दोहोंत एकही खून नाही: समूहात मुलं जन्मू नयेत अशी व्यवस्था करणं आणि समूहाची मुलं बळाने दुसऱ्या समूहात नेणं. याला नरसंहार कसं म्हणणार? पण ‘तुझा निर्वंश होवो’ हा शाप ज्याने ऐकला आहे त्याला ही कलमं समजावून सांगावी लागत नाहीत. माणूस जिवंत, वंश मात्र बुडाला.

रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी ताबा या विभागाचा प्रमुख झाँ-पॉल अकायेसू याला दोषी ठरवलं. कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने खटला चालवून या गुन्ह्याबद्दल कोणाला दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. त्या निकालात बलात्कारही या गुन्ह्याचा भाग ठरू शकतो असं मानलं गेलं. एक कारण असं दिलं होतं, की जिथे मूल बापाच्या समूहाचं धरलं जातं तिथे परक्याकडून मुद्दाम गर्भ लादला, तर जन्मणारं मूल आईच्या समूहाचं राहत नाही. ‘वंशाचा दिवा’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेला हे फार ओळखीचं आहे. अस्वस्थ व्हावं इतकं.

तेव्हा माझं मत वंशसंहाराच्या बाजूने. यावर एक आक्षेप रास्त आहे: बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये मारले गेलेले बोस्नियाक मुस्लिम आणि मारणारे सर्ब दोघेही स्लाव्ह, मग ‘वंश’ कसला? समूहसंहार म्हटलं तर कायद्याला जास्त जवळ जाईल, मान्य. पण तो शब्द कोणाच्या तोंडी नाही, आणि मराठीत वंश म्हणजे नाकाडोळ्यांची ठेवण नव्हे, आधी कूळ आणि पुढची पिढी. ‘वंशविच्छेद’ मला फिका वाटतो. विच्छेद आपोआपही होतो; संहार कोणीतरी करतो.

नरसंहार टाकून द्यायचा असं मात्र नाही. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत १५ लाखांहून जास्त माणसं गेली, त्यांतले बहुतेक ख्मेरच, म्हणजे मारणाऱ्यांच्याच समाजाचे. राजकीय विरोधक हा समूह १९४८च्या व्याख्येत घेतलेलाच नाही. म्हणून २०१८च्या निकालात वंशसंहार सिद्ध झाला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी यांच्या बाबतीत. बाकीच्यांसाठी मानवतेविरुद्धचे गुन्हे. तिथे एकूण प्रकाराला नरसंहार म्हणावं.

शब्द निवडताना सरकारंही चाचरतात. १९९४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या ‘वंशसंहाराची कृत्यं’ घडली म्हणत होत्या, सरळ ‘वंशसंहार’ म्हणायचं टाळत होत्या. कारण करारावर सही करणाऱ्यांवर तो रोखण्याचीही जबाबदारी येते.

तुमच्या तीन लेखांपैकी दुसरा बरोबर. जालियनवाला बाग मात्र हत्याकांडच.